पासिंग झालेली गाडी

१

मुखेडच्या अलीकडं रस्ता एकदम खाली उतरतो. उतार संपला की दगडी कठड्याचा पूल, आणि पूल ओलांडला की आठवडी बाजार. त्या बाजाराच्या दिवशी सकाळी देविदास ड्रायव्हरची पिकअप भरल्या मालानिशी उतारावरून आली ती हॉर्न वाजवतच. भाजीवाल्या बायका सांगतात, तो खिडकीतून हात बाहेर काढून ओरडत होता, "सरका, सरका!" बाजारात सरकायला जागा कुठली? शेवटच्या क्षणी त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी पुलाच्या कठड्यावर घातली.

बाजारातल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. देविदास जागीच गेला.

त्याचं दिवसकार्य व्हायच्या आत त्याच्या मालकानं उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सगळ्या आडत्यांसमोर सांगितलं, की देविदास चोर होता. गाडीचे नवे ब्रेक त्यानं विकून खाल्ले, म्हणून तो मेला.

मी वर्षाराणी. लातूरला राहते आणि विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. ही गाडी पाहायला मी मुखेडच्या पोलीस ठाण्याच्या आवारात पोचले, तेव्हा हवालदारानं कपाळावर आठी घालून माझ्याकडं पाहिलं.

"काय तपासून राहिल्या म्याडम? गाडी पासिंग झालेली हाय. अपघाताच्या आदल्याच दिवशी."

जुन्या मालगाडीला दर वर्षी तपासणी करून रस्त्यावर चालायला लायक आहे असा दाखला घ्यावा लागतो. त्यालाच आपल्याकडं सगळे पासिंग म्हणतात. ही पिकअप चांगली म्हातारी होती, पण ब्रेकच्या यंत्रावर ती चांगल्या आकड्यांनी पास झाली होती. आकडे माझ्या मोबाइलवर होते.

मी मागचं चाक खोलायला लावलं. चाकाचे नट गंजलेले, पण त्यांचे कोपरे चकचकीत. म्हणजे ते नुकतेच खोलले होते. आत ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाच्या लोखंडी ड्रमवर घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, पार खालच्या रिबिटापर्यंत झिजलेले. त्या लायनरच्या झिजेचे कंगोरे गंजलेल्या ड्रमच्या खाचांत अगदी चपखल बसत होते. ब्रेकच्या सिलेंडरचं रबर जुनं, कडक झालेलं, मधोमध फाटलेलं. तिथून तेल सांडलं होतं. मी बोट लावून पाहिलं.

तेल मधासारखं स्वच्छ होतं. अगदी नवं.

मेलेल्या ब्रेकमध्ये नवं तेल कोण भरतं? आणि असे ब्रेक घेऊन ही गाडी आदल्या दिवशी त्या यंत्रावर पास झालीच कशी?

२

देविदासचे मालक मल्लिकार्जुनअप्पा. त्यांची उदगीरला धान्याची आडत. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, अंगात पांढरा सदरा. मोंढ्यात त्यांच्या शब्दाला मोठा मान. मला पाहताच त्यांनी गल्ल्यातून ब्रेकच्या सामानाची पावती काढून समोर आपटली.

"बघा बाई. ड्रम, लायनर, सिलेंडर, पुढचे पॅड. सगळा माल नवा. माझ्या हातानं दिला त्याला. पोरासारखा वागवला मी त्याला, आणि त्यानं माझ्या इमानाची ही कदर केली! पासिंग झालं की त्याच रात्री माल विकला आणि जुने ब्रेक लावले. बाजारात बायका-लेकरं मेली असती तर? मी काय तोंड दाखवलं असतं?"

हा राग खोटा नव्हता. अप्पांनी सामान खरंच घेतलं होतं, आणि चोरीची तक्रारही खरंच मनापासून केली होती.

शेजारी त्यांचा मुलगा संगमेश्वर मोबाइल पाहत बसला होता. दुकानाच्या तीन जुन्या पिकअपचा कारभार त्याच्याकडं.

"पासिंगहून गाडी आली तेव्हा तुम्ही पाहिली?" मी विचारलं.

"मी कशाला बघतो? ती लातूरहून थेट व्यंकटच्या गॅरेजला गेली. सकाळी तिथूनच मालाला लागली. मी तर त्या गॅरेजचं तोंड दिवाळीपासून पाहिलेलं न्हाई."

"मग देविदासनंच विकलं, हे कशावरून?"

"दुसरं कोण विकणार? अप्पा उगंच जीवाला लावून घेतात. असे नवेकोरे, रंगरंगोटी केलेले ड्रम म्हटल्यावर गिऱ्हाईक काय, रस्त्यात मिळतं."

पायरीवर उमाशंकर उभा होता. हा पासिंगचा एजंट. जुन्या गाड्यांचे कागद घेऊन लातूरला रांगेत उभा राहायचा धंदा. तो हसून म्हणाला, "म्याडम, गाडी मी समोर उभं राहून पास केली. यंत्र काय खोटं बोलतं का? त्या दिवशी ब्रेक होते, दुसऱ्या दिवशी न्हाईत. आता मधल्या रात्रीचा हिशोब मेलेल्या माणसाला विचारा."

मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी दुकानातून बाहेर पडले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. ज्यानं सगळा बाजार वाचवला त्याच्यावर बोलताना या लोकांची जीभ जराही अडखळत नव्हती.

३

देविदासचं घर उदगीरच्या टोकाला, दोन खोल्यांचं. त्याची बायको कावेरीबाई दारातच उभी होती. मी आत जायला लागले तर तिनं हात आडवा धरला.

"तुमी बी चोर म्हणायला आलाव का?"

"नाही. गाडी पाहून आले. ती काय सांगते ते कळेना, म्हणून तुम्हाला विचारायला आले."

तिनं हात काढला. आत तिची मुलगी बबिता पुस्तकं घेऊन बसली होती. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. कावेरीबाई बोलू लागली ती थांबेचना.

"कॉलेजातल्या पोरी हिला इचारून राहिल्या, तुझा बाप चोर हाय म्हणं. दुकानदारीण मला पाठ दाखवती. ताई, त्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली न्हाई. माल उतरवताना सांडलेली तूर बी झाडून पोत्यात भरायचा. नवीन ब्रेक आले म्हणून किती खुश झालता! म्हणला, कावेरी, आता उताराची भीती न्हाई."

"पासिंग झालं त्या संध्याकाळी तो कुठं होता?"

"माझ्या भावाच्या घरी. लेकराचं बारसं हुतं तितं. गाडी गॅरेजला लावून जीपनं आला. समद्या गावानं बघितला त्याला, पंगतीत वाढत हुता. रात्री आमी तितंच राहिलो. पहाटे उठून गॅरेजला गेला तो गेलाच."

मी बबिताकडं पाहिलं. ती काही बोलू की नको अशी बसली होती. मग तिनं मोबाइल उघडून माझ्या हातात दिला.

"बाबांनी पासिंगला जायच्या आधी सकाळी पाठवलता. फकस्त मला."

फोटोत गॅरेज होतं. चाकं काढलेली. देविदास हातात ब्रश घेऊन उकिडवा बसलेला, तोंडभर हसत. त्यानं ब्रेकच्या नव्या ड्रमांना बाहेरून तेलरंग दिला होता. बरेच ड्रायव्हर देतात, गंज लागू नये म्हणून. पण एका ड्रमला अर्ध्यातच पिवळा रंग संपलेला दिसत होता, आणि उरलेला अर्धा त्यानं हिरव्यानं पुरा केला होता.

"हिरवा माझ्या सायकलीचा रंग," बबिता म्हणाली. "घरी उरलेला डबा घेऊन गेलते."

अर्धा पिवळा, अर्धा हिरवा ड्रम. असा दुसरा साऱ्या मराठवाड्यात नसेल. तो विकला गेला असेल, तर कुठल्या तरी गाडीखाली असणार. मी फोटो माझ्या मोबाइलवर घेतला आणि थेट व्यंकटच्या गॅरेजला गेले.

४

व्यंकट गाडीखालून बाहेरच येईना. त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"नवे ब्रेक तुम्हीच बसवले?"

"हाव. मी आन् देविदासनं."

"मग जुन्या ब्रेकचं काय केलं?"

"भंगारात दिले. त्याच दुपारी. भंगारवाला आलता, त्याच्या गाड्यावर टाकले."

"संध्याकाळी गाडी परत आली, तेव्हा कोणी उघडली?"

"मला काय म्हाईत? मी शटर लावून घरी गेलतो. चावी देविदासकडं." पाय हलले. "म्याडम, लई काम हाय."

जुने ब्रेक भंगारात गेले, असं तो सांगत होता. आणि मी ते जुने ब्रेक गाडीत पाहून आले होते.

देविदासची गाडी लातूरबाहेरच्या ज्या खाजगी तपासणी केंद्रावर पास झाली, तिथं मी दुसऱ्या दिवशी गेले. तिथला व्यवस्थापक थंड खोलीत बसून चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं खांदे उडवले.

"आमच्या यंत्रावर जे येतं ते आम्ही देतो. गाडी गेटाबाहेर गेली की आमची जबाबदारी संपली."

"माणूस मेलाय. दाखल्याची शाई वाळायच्या आत."

"दाखला बरोबर होता, मॅडम."

मला त्याचा चहा भिंतीवर फेकावासा वाटला. दाखला बरोबर होता! ड्रायव्हर मेला, बायको-मुलगी गावात तोंड लपवतात, पण दाखला बरोबर होता. मी बाहेर आले आणि रांगेच्या बाजूला उभी राहिले.

रांगेत सगळ्या जुन्या पिकअप. रंग उडालेल्या, हौद्याला वेल्डिंगची ठिगळं, एकीचा दरवाजा दोरीनं बांधलेला. एकेक गाडी यंत्रावर चढत होती. मागची चाकं रुळांवर येत, यंत्र ती फिरवी, ड्रायव्हर ब्रेक दाबी आणि समोरच्या पडद्यावर आकडा येई.

एक पांढरी पिकअप चढली. किल्लारीची. देविदासच्या गाडीच्याच मॉडेलची, तिच्याहूनही खिळखिळी. चाक फिरू लागलं आणि माझी नजर चाकाच्या झरोक्यांवर गेली.

आतून पिवळं दिसलं. मग हिरवं. पिवळं. हिरवं.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पडद्यावर उत्तम आकडा आला. रांगेतल्या लोकांत उभा असलेला उमाशंकर टाळी वाजवून म्हणाला, "झाली पास!"

आणि मग त्यानं मला पाहिलं.

५

मी आधी त्या ड्रायव्हरकडं गेले. पोरगेला माणूस, नवं लग्न झालेला असावा. "हे ब्रेक कधी बसवले?"

"काल, म्याडम. उदगीरला, व्यंकटकडं. मालकानं नवे टाकले." तो खुशीत होता. "उद्या ऊसतोडीच्या बाया घेऊन जायच्यात. बरं झालं."

"आता गाडी कुठं नेणार?"

"गॅरेजला. व्यंकट म्हणला, एकदा परत सेटिंग करून देतो."

देविदासलाही हेच सांगितलं असणार. मी त्या ड्रायव्हरला गाडीतून उतरायला लावलं आणि मुखेड ठाण्याच्या फौजदारांना फोन केला.

त्याच दिवशी दुपारी अप्पांच्या आडतीत सगळे जमले. फौजदार होते, व्यंकट आणि उमाशंकर होते, संगमेश्वर होता. कावेरीबाई आणि बबिताला मी मुद्दाम बोलावलं होतं. तो अर्धा पिवळा, अर्धा हिरवा ड्रम पोलिसांनी आणून अप्पांच्या पांढऱ्या गादीवर ठेवला. बबिता त्याच्याकडं पाहत राहिली.

"अप्पा, हा तुम्ही घेतलेला ड्रम," मी म्हणाले.

"बघा! म्हणजे विकलाच की त्यानं!"

"आपण तसंच धरून चालू. देविदासनं नवे ब्रेक विकले. मग जुने त्याला मिळाले कुठून? गाडीत जे लायनर सापडले ते कुठल्याही भंगारातले नाहीत. लायनर आणि ड्रम वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून एकमेकांत बसलेत. ते त्याच गाडीचे आहेत. आणि व्यंकट म्हणतो, ते त्यानं त्याच दुपारी भंगारात दिले."

व्यंकट खाली पाहू लागला.

"भंगारात दिले नाहीत. गॅरेजात जपून ठेवले, कारण संध्याकाळी परत बसवायचे होते. आता दुसरी गोष्ट. गाडीत तेल नवं होतं. ब्रेक पुन्हा बदलले, तेव्हा नळ्यांतली हवा काढून नवं तेल भरलं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा खाली चाकाशी. ही संध्याकाळ देविदासनं मेव्हण्याच्या घरी बारशाला काढली, गावासमोर. मग ती दोन माणसं कोण?"

"हवा काढली म्हणून पेडल कडक लागलं असणार," फौजदार हळूच म्हणाले.

"हो. पहाटेच्या अंधारात त्याला ड्रम दिसले नसतील, पण पेडल दाबून पाहिलं असेल. कडक लागलं. त्याला वाटलं, नवे ब्रेक आहेत. सपाट रस्त्यावर ते धकलं. उतारावर भरल्या गाडीला त्यानं पहिल्यांदा जीव खाऊन दाबलं, आणि जुनं रबर फाटलं. पुढचे झिजलेले पॅड एकटे काय करणार?"

कावेरीबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

"पण कशासाठी?" अप्पा म्हणाले. "माझी गाडी, माझा माल. काढायचा कशाला?"

"भाड्यानं द्यायला. हा सेट एका गाडीतून काढायचा, दुसरीत घालायचा, पासिंग करून आणायचं, पुन्हा काढायचा. यंत्र खरं बोलतं, गाडी खोटी बोलते. रस्त्यावर आज किती गाड्या असा दाखला घेऊन बिनब्रेकच्या फिरतायत, ते उमाशंकरच सांगेल."

उमाशंकर एकदम ओरडला, "मी नुसती गिऱ्हाइकं आणली! सेट माझा न्हाई. त्या संध्याकाळी मी लातूरलाच होतो, केंद्रावर दुसऱ्या गाडीचं काम चालू होतं, तिथं विचारा!"

"विचारलंय. तुम्ही तिथंच होता." मी संगमेश्वरकडं वळले. "तुम्ही मला सांगितलं, दिवाळीपासून गॅरेजला गेलो नाही. पासिंगहून आलेली गाडीही पाहिली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग ड्रमांना रंगरंगोटी केली होती, हे तुम्हाला कसं कळलं? सामान दुकानातून आलं ते काळं. अप्पा, तुम्हाला रंगाचं माहीत होतं?"

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. ते मुलाकडं पाहत होते.

"देविदासनं रंग त्या सकाळी दिला, चाकं लावायच्या आधी. फोटो एकट्या मुलीला पाठवला. ते ड्रम दिसायला त्यानंतर गाडीपाशी असावं लागतं, आणि तुम्ही तर गाडी पाहिलीच नाही म्हणता."

संगमेश्वरनं मोबाइल खाली ठेवला. "व्यंकटनं सांगितलं असंल. बोलता बोलता."

"मी?" व्यंकट उठून उभा राहिला. "मी कवा सांगितलं? सगळं माझ्याच गळ्यात घालून राहिला का आता? तूच पेडल मारत हुतास ना आत बसून! मी म्हणलो हुतो, त्याला सांगू, हळू जा म्हणून. तू म्हणलास, सांगितलं तर अप्पाला कळंल."

बाहेर हमालांच्या आरोळ्या चालू होत्या.

"हप्त्याभरात परत बसवणार हुतो, अप्पा," संगमेश्वर पुटपुटला. "एवढा महागाचा सेट एका गाडीखाली नुसता पडून..."

अप्पांनी त्याला मारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "देविदास मेला त्याच्यानंतर बी दिलास? त्या किल्लारीच्या गाडीला?"

संगमेश्वर गादीवरच्या ड्रमकडं पाहू लागला.

"घेऊन जा याला," अप्पा फौजदारांना म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

६

मी अहवालात सगळं लिहिलं. केंद्राचा व्यवस्थापक काय म्हणाला तेही, त्याच्याच शब्दांत. पोलिसांनी उमाशंकरला सोबत घेऊन रस्त्यावरच्या गाड्या थांबवायला सुरुवात केली. काहींचे मालक म्हणाले, दाखला आहे की आमच्याकडं. किल्लारीचा तो ड्रायव्हर मात्र चावी मालकाच्या हातात देऊन घरी गेला.

अप्पा कावेरीबाईच्या घरी जायला निघाले, तर तिनं निरोप पाठवला: घरी येऊ नका. चोर जिथं म्हणलात, तिथंच बोला.

म्हणून सौदे सुरू व्हायच्या आधी अप्पा मोंढ्यात उभे राहिले. आडते, हमाल, माल घेऊन आलेले शेतकरी, सगळे थांबले. कावेरीबाई आणि बबिता समोर उभ्या होत्या.

"देविदासनं चोरी केली न्हाई. चोर माझ्या घरात हुता. देविदासनं मुखेडचा बाजार वाचवला, आन् मी त्याचं नाव मातीत घातलं."

काही जणांनी माना खाली घातल्या. त्यांनीही हेच गावभर केलं होतं. अप्पा कावेरीबाईपुढं हात जोडून वाकले.

"उरलेल्या दोन्ही गाड्या विकून टाकतो, माय. सगळे पैसे पोरीच्या शिक्षणाला."

कावेरीबाईनं त्यांच्या हातांकडं पाहिलं सुद्धा नाही.

"विकू नका," ती म्हणाली. "विकली म्हंजी दुसऱ्या कुणाचा तरी नवरा बसंल त्यात. मोडा."

त्याच दुपारी आडतीच्या मागच्या अंगणात गॅस कटर आणला. अप्पांनी स्वतः उन्हात खुर्ची टाकली. कावेरीबाई आणि बबिता भिंतीशी उभ्या राहिल्या. पहिल्या पिकअपची चेसी दोन तुकडे होऊन खाली पडली, तेव्हा कटरवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा वर करून विचारलं, "बास का?"

"दुसरी बी," कावेरीबाई म्हणाली.